आमची वाटचाल : एका लहान स्टुडिओवर पडलेला गौतम राजाध्यक्षांचा प्रकाश

सांगलीच्या गावभागात १९७८ साली माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एका अरुंद गाळ्यात फोटो स्टुडिओ सुरू केला. त्या वेळी त्यांच्यापाशी एक यशिका कॅमेरा, दोन मोठे दिवे, बागेचे चित्र रंगवलेला एक पडदा आणि मागच्या मोरीची केलेली डार्करूम एवढेच भांडवल होते. पासपोर्ट फोटो, स्थळासाठी मुलीचा उभा फोटो, बारसे आणि मुंजीचे काम, आणि घरातले कोणी गेले की जुन्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा वेगळा काढून मोठा करून देणे, यावर आमचे घर चालले. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने टचिंग करण्यात अण्णांचा हात फार हलका होता. भिंग डोळ्याला लावून ते देवीचे व्रण आणि डोळ्यांखालची वर्तुळे टिंबाटिंबाने भरून काढीत, आणि प्रिंटवर पेन्सिलीची रेघ कुठे शोधूनही सापडत नसे.

मी १९९१ पासून स्टुडिओत पूर्ण वेळ बसू लागलो. शेजारच्या केशकर्तनालयात प्रसिद्ध छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष ज्याचे संपादन करीत त्या ‘चंदेरी’ पाक्षिकाचे जुने अंक पडलेले असत. नटनट्यांचे फोटो मी आधीही पाहिले होते, पण या अंकांतल्या चेहऱ्यांकडे पाहताना मला पहिल्यांदाच प्रश्न पडला की उजेड नक्की कुठून आला आहे. मालकांकडून दोन अंक मागून आणले आणि अण्णांचे टचिंगचे भिंग त्यातल्या डोळ्यांवर धरले. भिंग फार जवळ नेले की छपाईचे ठिपकेच दिसत. जरा वर उचलले की बुबुळातला पांढरा ठिपका दिसू लागे, आणि तो ठिपका म्हणजे दिव्याचे प्रतिबिंब होय. तो किती मोठा आहे, बुबुळात वर आहे की बाजूला, एक आहे की दोन, यावरून दिवा कुठे उभा केला असेल याचा अंदाज करता येतो. त्यानंतर पुष्कळ रात्री मी वहीत अशा डोळ्यांची चित्रे काढून बाणांनी उजेडाची दिशा दाखवण्यात घालवल्या. माझे छायाचित्रणाचे शिक्षण ते एवढेच.

राजाध्यक्षांविषयी जे वाचायला मिळे ते मी जमवीत गेलो. १६ सप्टेंबर १९५० रोजी त्यांचा जन्म झाला, ते मुंबईत वाढले, सेंट झेवियर्स महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकले आणि काही काळ तिथेच त्यांनी शिकवलेही. ही माहिती मी अण्णांना सांगितली तेव्हा ते खूश झाले, कारण डेव्हलपर आणि हायपो या फोटो धुण्याच्या रसायनांची पुडकी तराजूवर तोलून द्रावण बनवणारा माणूस हा अर्धा रसायनशास्त्रज्ञच असतो असे त्यांचे ठाम मत होते. १९७४ साली राजाध्यक्ष लिंटास या जाहिरात संस्थेच्या छायाचित्र विभागात नोकरीला लागले. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम आणि जॅकी श्रॉफ यांची छायाचित्रे त्यांनी काढली आणि तिथून त्यांचे नाव चेहऱ्यांशी जोडले गेले. तरीही नोकरी त्यांनी सोडली ती १९८७ मध्ये, म्हणजे सदतिसाव्या वर्षाच्या आसपास. धंदा करणाऱ्या माणसाला या तारखेचे मोल कळते. महिन्याचा बांधलेला पगार सोडून केवळ माणसांच्या चेहऱ्यांवर पोट भरायचे ठरवणे, तेही पत आणि नाव जमलेले असताना, ही साधी गोष्ट नव्हे.

त्यांची लेखणीही कॅमेऱ्याच्या बरोबरीने चालत होती. ज्या चित्रपटातून काजोल पहिल्यांदा पडद्यावर आली त्या १९९२ च्या ‘बेखुदी’च्या लेखनात त्यांचा वाटा होता. १९९७ साली त्यांचा ‘फेसेस’ हा मोठा ग्रंथ आला आणि त्यात दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतच्या चित्रपट कलावंतांची छायाचित्रे व्यक्तिचित्रांसह एकत्र आली. तो विकत घेण्याची ऐपत तेव्हा माझी नव्हती. पुण्यात एका दुकानात उभ्याउभ्या तासभर चाळला. त्या तासाने मला एक गोष्ट लख्ख दिसली, की ज्याचा फोटो काढायचा त्याच्याविषयी ज्याला चार ओळी लिहिता येतात, त्याचा कॅमेरा वेगळ्या जागी उभा राहतो. उजेडाची युक्ती भिंगातून चोरता येते, पण माणसाची ओळख करून घेतल्याशिवाय ती युक्ती कामाची नाही, असे मला तेव्हापासून मनापासून वाटत आले आहे.

परत आल्यावर मी दोन गोष्टी केल्या. बोळाकडच्या खिडकीला ट्रेसिंग पेपर चिकटवला, तिच्याजवळ एक स्टूल ठेवले आणि समोरून थर्माकोलचा पांढरा पत्रा लावून रंगीत पडदा गुंडाळून टाकला. दुसरे म्हणजे एक रजिस्टर घातले. फोटोला आलेल्या माणसाला आधी चहा द्यायचा, दहा मिनिटे बोलायचे, आणि रात्री जेवणानंतर घरी बसून निगेटिव्हच्या क्रमांकापुढे त्या माणसाविषयी दोन ओळी लिहायच्या, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. सुरुवातीला गिऱ्हाइके नाराज झाली. चेहऱ्याची एक बाजू सावलीत गेली की “फोटो काळा आला” असे म्हणून ती परत करीत. अण्णांनाही हे पसंत नव्हते. “गिऱ्हाईक पूर्ण चेहऱ्याचे पैसे देते,” असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. पासपोर्टसाठी आम्ही जुनाच सरळ उजेड ठेवला. खिडकीजवळचा फोटो ज्याला हवा त्यालाच काढून देत असू.

ज्या फोटोने आमचे दिवस पालटले तो मार्केट यार्डातल्या एका हमालाचा. ओळखपत्रासाठी ते आले होते, हळदीच्या पोत्यांवरून थेट. भुवयांत, कानाच्या पाळीमागे, मानेच्या प्रत्येक सुरकुतीत हळद बसली होती. “तोंड धुऊन येतो की,” असे म्हणून ते उठले, तर मी म्हणालो, “राहू द्या मामा, आधी चहा घ्या.” बोलता बोलता कळले की चाळीस वर्षे एकाच खांद्यावर पोते घेतल्याने त्यांचा डावा खांदा खाली गेला आहे. ओळखपत्राचा फोटो झाल्यावर मी त्यांना खिडकीजवळ बसवले आणि खांदा सरळ करायला सांगितले नाही. तो प्रिंट दर्शनी काचेत लावला, आणि महिनाभरात लोक आपल्या आईवडिलांना घेऊन येऊ लागले, गेल्यानंतर ग्रुप फोटोतून काढावा लागू नये म्हणून जिवंतपणीच एक नीट फोटो असावा, या इच्छेने. आजही आमचे मुख्य काम हेच आहे.

मधल्या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. डार्करूम बंद झाली, कर्ज काढून घेतलेले रंगीत प्रिंटिंगचे यंत्र फिटायच्या आत जुने झाले, आणि मोबाइल आल्यावर पासपोर्टचे कामही घटले. १३ सप्टेंबर २०११ रोजी राजाध्यक्ष हृदयविकाराने गेले. एकसष्टावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता. अनंत चतुर्दशी होऊन दोनच दिवस झाले होते आणि आम्ही मिरवणुकांच्या फोटोंच्या ऑर्डरी उरकीत होतो. अण्णांनी टीव्हीवर बातमी पाहिली, दुकानात येऊन खिडकीजवळच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, “आज माझा एक काढ, हिकडं बसवून.” अण्णांचा आमच्याकडे असलेला सर्वांत चांगला फोटो तो आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली आणि आमचा गाळा पाण्याखाली गेला. निगेटिव्हचे खोके काढले तेव्हा ती पाकिटांना आणि एकमेकांना चिकटली होती, आणि त्यावरचा थर फुगून जेलीसारखा झाला होता. अशी फिल्म आहे तशी वाळली तर कायमची जाते, म्हणून ती ओलीच ठेवावी लागते. घरातली सगळी टोपली आणि बादल्या स्वच्छ गार पाण्याने भरून आम्ही आठ दिवस एकेक निगेटिव्ह पाण्याखाली बोटांनी सुटी करीत होतो. पत्नी आणि मुलगी त्या चिमट्यांनी कपड्यांच्या दोरीवर टांगत होत्या. निम्म्याहून जास्त गेल्या. ज्या वाचल्या त्यांच्या पाकिटांवरची शाई धुऊन निघाली होती आणि क्रमांक बहुतेकांचे पुसले होते. पण रजिस्टरे रात्री घरी लिहीत असल्याने वरच्या मजल्यावर कोरडी होती. “नथ उसनी आणली आहे, फोटो झाल्यावर लगेच परत करायची आहे,” “पेटी वाजवतात, बोटे स्वस्थ नाहीत,” अशा ओळी वाचून दोरीवरच्या काळ्यापांढऱ्या उलट्या चेहऱ्यांना आम्ही पुन्हा नावे लावली.

आता मुलगी ती सर्व निगेटिव्ह स्कॅन करीत आहे आणि ज्यांची आहेत त्या घरांना प्रत पोचवीत आहे. फिल्म फुगल्याने पडलेल्या चिरा ती संगणकावर भरते, मात्र सुरकुत्यांना हात लावत नाही. मागच्या दिवाळीआधी हमालमामांचा नातू आला होता. स्क्रीनवर चेहऱ्याची डावी बाजू चिरांनी भरली होती, पण खांदा शाबूत होता. त्याने पडद्यावर बोट ठेवून तो उतार दाखवला आणि आठ बाय बाराची प्रत सांगून आगाऊ पैसे देऊन गेला.