लाल दिव्याखालचं कोरं पान

जहाजावर रात्री बारा ते चारची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, सेकंड ऑफिसरची, म्हणजे माझी. त्या रात्रीही वीस मिनिटं आधी ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, येऊन गप्प उभा राहिलो. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय वॉच घ्यायची नाही असा नियमच आहे. पुरतं सरावायला अर्धा तास जातो, आणि एका पांढऱ्या झगमगाटात ते सगळं पाण्यात जातं.

म्हणून चार्ट टेबलवर, सागरी नकाशांच्या टेबलावर, लाल दिवा. अंधारात आपण ज्या पेशींनी बघतो त्या दंडपेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या, निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतात. गडद लाल त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. त्यामुळे तुम्ही वाचता उजेडात बघणाऱ्या शंकूपेशींनी आणि दंडपेशींची कमाई शाबूत राहते.

त्या दिव्याखाली कॅप्टनच्या नाइट ऑर्डर, म्हणजे वहीत लिहिलेल्या रात्रीच्या सूचना, वाचल्या, खाली सही केली. दोन वाजून गेल्यावर पुन्हा वही समोर घेतली तेव्हा खटकलं: शेवटचा मजकूर आणि माझी सही यांच्यामध्ये दोन ओळींची मोकळी जागा. आमचे कॅप्टन कागद वाया घालवणारे नाहीत. बोट फिरवलं तर पेनाचे खळगे लागले.

लाल शाई! लाल उजेडात पांढरा कागदही लाल, शाईही लाल; अक्षरं विरघळून गेलेली. जे ठळक दिसावं म्हणून लाल पेनाने लिहिलं, तेच नेमकं गायब. पडदा ओढून पांढरी टॉर्च लावली. ‘दोननंतर मासेमारी होड्यांचा पट्टा. मला उठवा.’

फोन करून कॅप्टनना उठवलं आणि पडद्याबाहेर आलो, तर समोर काळी भिंत. टॉर्चचा हिरवट डाग तेवढा डोळ्यांपुढे नाचत होता. तेवढ्यात विंगवर, ब्रिजच्या बाजूच्या सज्जात, टेहळणीला उभ्या लुकआउटची हाक आली, “साहेब, डावीकडे पुढे बत्ती आहे. बारीक.”

रडारवर लाटांचाच कचरा. लाकडी होडी त्यात हरवून जाते. मी डोळे फाडून बघतोय, काही नाही.

“रोखून बघू नका साहेब, जरा बाजूला बघा.”

बरोबर होतं त्यांचं. नजरेच्या ऐन मध्यावर दंडपेशीच नसतात. पण माझ्या पेशी तेव्हा बाजूलाही आंधळ्याच होत्या. “उजवीकडे मोकळं आहे का?” विचारलं. “मोकळं आहे.” त्यांच्या डोळ्यांवर विसंबून जहाज उजवीकडे घेतलं.

कॅप्टन धावत वर आले ते थेट उजेडातल्या केबिनमधून. दोन क्षण थांबून म्हणाले, “मला काहीच दिसत नाहीये.” ब्रिजवर दोन अधिकारी आणि डोळे एकाच माणसाला. होडी बऱ्याच अंतरावरून मागे गेली. तिच्यावरचा पिवळट दिवा मला दिसला तो ती अगदी बाजूला आल्यावर.

सकाळी मी लाल पेनाबद्दल सांगितलं. कॅप्टन हसले नाहीत. टेबलावर अगदी मंद होणारा पांढरा दिवाही बसवून घेतला. माझं मत विचाराल तर रंगाइतकाच, कदाचित जास्तच, मंदपणा महत्त्वाचा. भगभगीत लाल दिवाही डोळे बिघडवतो, आणि मंद पांढऱ्यात निदान चार्टवरचे रंग तरी कळतात.

झोपेचं गणित वेगळं. चारला वॉच सुटली की पांढऱ्याफेक पॅसेजमधून केबिनमध्ये, मग आरशावरचा दिवा, आणि सहापर्यंत टक्क जागा. डोळ्यांत काही पेशी बघण्यासाठी नसतातच. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश पडला की त्या मेंदूला ‘दिवस आहे’ असं कळवतात आणि मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबतं. पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर. आता केबिनमध्ये छोटा लाल दिवा ठेवलाय. त्याने झोप येते असं नाही, फक्त आलेली मोडत नाही. याच कारणाने ब्रिजवरचा लाल दिवा जागंही ठेवत नाही. तीनच्या सुमाराला मी खुर्चीत बसत नाही.

दुसऱ्या रात्रीच्या ऑर्डर निळ्या शाईत होत्या. वाचून झाल्या, सही करण्याआधी मोकळ्या जागेवरून बोट फिरवून घेतलं.