फ्लोरिनाच्या हातातला भाला

दुपारी आडवं पडल्यावर हातात मावेल एवढंच रणांगण असावं, असं माझं ठाम मत आहे. गेमबॉय अ‍ॅडव्हान्स या हातातल्या खेळयंत्राचा पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा. त्यावरच्या 'फायर एम्ब्लेम' या आळीपाळीनं चाली करायच्या लढाईच्या खेळातलं एक घर १६ ठिपक्यांचं, म्हणजे एका वेळी दिसणार आडवी १५ आणि उभी १० घरं. तेवढ्यात जंगल, किल्ला, पूल, कुऱ्हाडी परजणारे दरोडेखोर आणि पंखवाल्या घोड्यावर बसलेली फ्लोरिना नावाची लाजाळू मुलगी. आपली चाल झाली की त्यांची. मधे चहा करून या, कुणी रागावत नाही.

जपानात ही मालिका १९९० पासून चालू होती; बाहेरच्या जगात ती पोचली २००३ च्या शेवटी, सातव्या भागाबरोबर. त्यात सगळे आधी शिकतात तो हत्यारांचा त्रिकोण: तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. दगड-कागद-कात्रीच की. पण फायदा किती, तर अचूकतेत १५ आणि माराला १. नवखे तेवढ्यावर विसंबतात आणि माणसं घालवतात.

खरी मेख वजनात आहे. फ्लोरिनाचा बांधा, म्हणजे वेग न घटता पेलवणारं वजन, ४. तिच्या सुरुवातीच्या सडपातळ भाल्याचं वजनही ४, म्हणून ती चपळ. मार जास्त बसेल म्हणून तिला लोखंडी भाला द्यावा, तर त्याचं वजन ८. वरचे ४ थेट तिच्या वेगातून वजा. आणि समोरच्याचा वेग आपल्यापेक्षा ४ नं जास्त भरला की तो एकाच झटापटीत दोनदा मारतो. फेकायचा भाला तर ११ वजनाचा. लांबून मारता येतं म्हणून भुलायचं आणि शत्रूच्या पाळीत भोगायचं. त्यात जवळ धनुर्धारी असेल तर विचारूच नका, उडणाऱ्यांना बाण फार लागतो. म्हणून हलण्याआधी प्रत्येक शत्रूवर कर्सर नेऊन ए बटण दाबावं. त्याची पोच रंगून दिसते. कंटाळवाणं आहे, पण करावं.

मार्कसबद्दल दोन शब्द. हा म्हातारा सरदार आधीच बढती मिळालेला. शत्रू मारला की अनुभवाचे गुण मिळतात आणि त्यावर माणसं वाढतात; "तो सगळा अनुभव खातो" म्हणून लोक त्याला कोपऱ्यात बसवतात. मला हे पटत नाही. त्याच्याकडची हत्यारं काढून घ्यावीत आणि त्याला पुढे उभं करावं. तो मार झेलतो, कुणाला मारत नाही, आणि मागची पोरं निवांत शिकार करतात.

आता आकडे. वार लागण्याची शक्यता म्हणून पडद्यावर ९० टक्के दिसतात, ते खरे ९० नसतात. यंत्र ० ते ९९ मधले कुठलेही दोन आकडे काढतं, त्यांची सरासरी घेतं आणि ती ९० पेक्षा कमी आली की वार लागला. हिशेब केला तर ९० चे ९८ होतात, ७० चे ८२. उलट शत्रूचे २० टक्के उतरतात ८ वर. आपण जपून खेळतो, आपल्या बाजूचे आकडे बहुधा मोठे असतात, म्हणजे ही लबाडी आपल्याच पथ्यावर पडते. आणि तरी ९० चा वार हुकला की लोक यंत्राला शिव्या घालतात! क्रिटिकलला, म्हणजे क्वचित बसणाऱ्या जबर घावाला, मात्र ही सवलत नाही. तिथे एकच आकडा, ३ म्हणजे खरेच ३, आणि मार तिप्पट.

त्या ३ टक्क्यांतच माणसं जातात. मुख्य कथेत गेलेला परत येत नाही. यंत्र बंद करून चालू केलं तरी उपयोग नाही, कारण पुढच्या आकड्यांची रांगही जपून ठेवलेली असते. तीच चाल करा, तोच घाव बसतो. काही बिलंदर आधी कर्सरचा बाण वेडावाकडा फिरवून रांगेतले आकडे जाळतात. ते मला तरी रडीचा डाव वाटतं.

२०१० च्या भागापासून पडलेले पुढच्या लढाईत उठून येतात, असा एक सौम्य पर्याय मिळतो. कामाच्या माणसांची सोय झाली, चांगलंच आहे. पण मग मार्कसला पुढे कशाला करायचं, पोच कशाला मोजायची? जुन्या भागात तरी नियम पाळणारे कितीसे असतात म्हणा. फ्लोरिना पडली की बहुतेक जण निमूटपणे चॅप्टर पहिल्यापासून लावतात. तासभर वाया गेला तर गेला.