राईतलं बी

निरंकाराच्या राईत शिरण्याआधी आजोबांनी आम्हा दोघींना चपला बांधावर काढायला लावल्या. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बांबरची ही देवराई. आत पाणथळ, आणि त्यात रानजायफळाची उंच झाडं. त्यांची मुळं चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा आत शिरतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड या गुडघ्यांतून श्वास घेतं. हे वर्गात शिकले होते, पण त्या दिवशी एका मुळाला हात टेकला आणि कितीतरी वेळ उचलवेना.

तेव्हा मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. काम साधं होतं, झाडांची यादी करायची. पण मनात एक सल होता. आदल्या वर्षी एका कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, ओहोळाकाठी मिळालेल्या याच झाडाच्या 40 बिया मी नीट धुऊन, वर्तमानपत्रावर आठवडाभर वाळवून पेरल्या होत्या. एकही उगवली नाही. आजोबांना हे सांगितलं तर ते थबकलेच.

"वाळवल्यास? बाय, भाताचं बी वाळवून कणगीत ठेवतात. हे पाण्यातलं बी. सुकलं की मेलं."

इतक्यात वरून टप्पकन काहीतरी पडलं. वर धनेश होता. बी उचलून पाहिलं तर ओलं, गुळगुळीत, तपकिरी. त्यावरची केशरी-लाल जाळी, जिला बाजारात रामपत्री म्हणतात, ती पूर्ण निघालेली. पक्ष्याने तेवढी खाऊन बी टाकलं होतं, तेही नेमकं ओल्या चिखलात. फळं धरलेली मादी झाडं तिथून बरीच लांब होती.

यादी तिथेच थांबली. दोरीची चौकट टाकून आम्ही रोपं मोजत सुटलो. मादी झाडाखाली इवल्या रोपांची दाटी होती, त्यांतली बरीचशी किडीने खाल्लेली. लांब, ओहोळाच्या कडेला मोजकीच, पण गुडघाभर वाढलेली. जळवा पायाला लागल्या होत्या, ते बांधावर आल्यावर कळलं.

ते बी मी पिशवीत टाकणार होते. आजोबा म्हणाले, "राईतलं बाहेर नेत नाहीत." मग ते होतं तिथेच ठेवलं, शेजारी काठी रोवून तिला लाल दोरा बांधला. संध्याकाळी मार्गदर्शक मॅडमना फोन केला, "मॅडम, विषय बदलायचाय."

सप्टेंबरात परत गेले. दोरा विटला होता. काठीशेजारी दोन पानं होती.