साखळीतला एकूण साठा

पावसाळा लागला की पुण्यात माणसं आधी धरणांचा आकडा बघतात, मग छत्री शोधतात. ‘खडकवासला साखळीत इतके टीएमसी.’ आकडा एक, धरणं चार. वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि जिच्या नावाने सगळी साखळी ओळखली जाते त्या खडकवासल्याची क्षमता जेमतेम १.९७. सगळं मिळून २९.१५ टीएमसी. पण कोथरूडच्या नळाला आज आलेलं पाणी यातल्या कुठल्या धरणातलं, हे कधी कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

घरातल्या हार्ड डिस्कची मी अशीच एक साखळी केली आहे. पहिली दोन टीबीची, दुसरी एक टीबीची आणि तिसरी जुन्या लॅपटॉपमधून काढलेली पाचशे जीबीची. डिस्क बसवायचे कप्पे तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणले, जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं आणि वर ‘मर्जरएफएस’ नावाचं, डिस्क एकत्र दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर. आता टीव्हीवरून पाहिलं तर एकच मोठं फोल्डर दिसतं. बेरीज साडेतीन टीबीची, पण पडद्यावर तीन आणि थोडं वर. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक १०२४ च्या. शिवाय लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, पाच टक्के जागा स्वतःसाठी राखून ठेवते. धरणातल्या मृतसाठ्यासारखी, असते, पण आपल्या हिशेबात धरायची नाही.

डिस्क एकत्र करायचे मार्ग पुष्कळ. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, त्यासाठी ‘स्टोरेज स्पेसेस’ ही सोय आहे. लिनक्सची तशीच सोय, एलव्हीएम, त्याहून जुनी. वेग हवा असेल तर रेड शून्य: प्रत्येक फाइलचे तुकडे करून सगळ्या डिस्कवर वाटून टाकायचे. मला त्याची धास्ती वाटते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा खालचं खडकवासलाही टिकलं नव्हतं. रेड शून्यात तेच. एक डिस्क गेली की बाकीच्या धडधाकट डिस्कवर उरतात ते नुसते तुकडे. मर्जरएफएसमध्ये प्रत्येक फाइल कुठल्या तरी एका डिस्कवर अख्खी असते. एक डिस्क गेली तर तिच्यावरचं तेवढं जातं.

याची एक गंमतही आहे. मध्यंतरी मामेबहिणीच्या लग्नाचं अख्खं चित्रीकरण एकाच गठ्ठ्यात बांधून आलं, दीडशे जीबीची एक फाइल. पडद्यावर मोकळी जागा तीनशेच्या वर. तरी जागा नाही म्हणून नकार! कारण ते तीनशे तीन ठिकाणी विखुरलेले, आणि अख्खे दीडशे एकीकडेही नाहीत. एका डिस्कवरचं थोडं दुसरीकडे सरकवलं तेव्हा लग्न मावलं. एकूण साठ्याच्या आकड्यावर माझा तेव्हापासून निम्माच विश्वास आहे.

सुरक्षेसाठी ‘स्नॅपरेड’ जोडलंय. ते बाकीच्या डिस्कवरून पॅरिटीचा, म्हणजे हरवलेलं परत काढता येईल असा, हिशेब मांडून वेगळ्या डिस्कवर ठेवतं. एखादी गेली तर उरलेल्यांवरून तिच्यावरचं पुन्हा उभं करता येतं. अट एकच, ही डिस्क सगळ्यांत मोठीच्या बरोबरीची तरी हवी. म्हणून चार टीबीची नवी कोरी डिस्क आणली आणि तिच्यावर आपलं म्हणावं असं काहीच ठेवलं नाही. घरात हा खर्च समजावणं हे सॉफ्टवेअर बसवण्यापेक्षा अवघड गेलं. त्यात हा बॅकअप नव्हेच. फाइल चुकून पुसली आणि रात्री हिशेब ताजा झाला, की संपलं.

आईचा प्रश्न अगदी नेमका होता. “हे सगळं एक झालं म्हणतोस. मग माझे काशीचे फोटो आहेत कुठे?”

“अगं, कुठल्या तरी डिस्कवर असतील.”

“ती टिकटिक करते तिच्यावर नाहीत ना? तेवढं बघ.”

पाचशे जीबीची खरंच टिकटिक करत होती. फाइल नेमकी कुठे बसलीय हे सांगणारी एक ओळीची कमांड असते. ती चालवली. काशी, गया, प्रयाग, सगळी यात्रा तिच्यावरच. दोन टीबीच्या डिस्कवर हलवली. टीव्हीवर आईला काही फरक दिसला नाही, फोल्डर तेच, नाव तेच.

टिकटिक करणारी डिस्क मग साखळीतून काढलीच. ती भंगारात देणार होतो, तर भाच्याने मागून घेतली. “मामा, मी गेम ठेवीन. गेले तर परत डाउनलोड करता येतात.” देऊन टाकली.