शेअर्ड लायब्ररीला मालक टीम हवीच

आजचा अख्खा दिवस शेअर्ड लायब्ररींच्या, म्हणजे अनेक प्रोजेक्ट मिळून वापरतात त्या तयार कोडच्या, यादीत गेला. तारखांचा फॉरमॅट बदलणारा एकच कोड चार प्रोजेक्टमध्ये कॉपी-पेस्ट केलेला, आणि दुरुस्ती फक्त एकात! याला रियूज म्हणू नका. आर्टिफॅक्ट रिपॉझिटरीतून (तयार लायब्ररींच्या कोठारातून) व्हर्जन नंबरसकट उचललेली जार (जावा कोडची पॅक केलेली फाइल), तो रियूज.

डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे (Log4j) या जावाच्या लॉगिंग लायब्ररीतली सुरक्षा त्रुटी बाहेर आली तेव्हा जगभरच्या टीम्सचा वेळ ती लायब्ररी कुठे कुठे वापरलीय हे शोधण्यातच गेला. आधी दुरुस्तीची 2.15.0 आली, मग 2.16.0, मग 2.17.0, दर वेळी तोच शोध. पॉम फाइलमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररी जिथे लिहितात तिथे) नाव दिसत नाही, दुसऱ्याच लायब्ररीच्या पोटातून ती येते. फॅट जारमध्ये (सगळ्या लायब्ररी एकाच जारमध्ये कोंबलेल्या असतात त्यात) तर फाइलच्या नावावरूनही पत्ता लागत नाही. म्हणून प्रत्येक रिलीज बिल्डला सायक्लोनडीएक्स (CycloneDX) फॉरमॅटमध्ये एसबॉम, म्हणजे आत काय काय घटक आहेत त्याची यादी, काढा आणि जपून ठेवा.

शेअर्ड लायब्ररींच्या कॅटलॉगमध्ये मालक टीम, लायसन्स आणि सपोर्ट कधीपर्यंत, एवढं तरी लिहाच. एपीआय (दुसरा कोड लायब्ररीला ज्या ठरलेल्या पद्धतीने वापरतो ती) मोडत असेल तर मेजर नंबर, म्हणजे व्हर्जनमधला पहिला आकडा, वाढवा. फंक्शनचा रिटर्न टाइप (ते परत देतं त्या माहितीचा प्रकार) बदलून 1.4.2 चं नुसतं 1.4.3 केलं की दुसऱ्या टीमचा बिल्ड पडतो, आणि मग ती टीम कोड कॉपी करून मोकळी होते.