ऑफर लेटरनंतरचे नव्वद दिवस

बाणेरमधील आमच्या कंपनीत 2018 साली आम्ही सहा डेव्हलपर होतो आणि 2022 च्या उन्हाळ्यापर्यंत ही संख्या वीसवर गेली. या चार वर्षांत बहुतेक तांत्रिक मुलाखती माझ्याकडेच होत्या. मुलाखतीत माणूस पारखणे कठीण असते हे खरे, पण पसंत पडलेला माणूस ऑफर स्वीकारल्यापासून प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत टिकवणे त्याहून कठीण असते, हे मला बरेच उशिरा उमगले.

पुण्यात आमच्याकडे येणारे बहुतेक उमेदवार हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्ट्यातील मोठ्या सेवा कंपन्यांतून येतात आणि त्यांचा नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काम करत राहण्याची मुदत, नव्वद दिवसांचा असतो. या कंपन्या ग्राहकाकडून माणसांच्या हिशेबाने पैसे घेतात, त्यामुळे चालू प्रोजेक्टवरचा माणूस अचानक उठून जाणे त्यांना परवडत नाही. त्यांच्या बाजूने हे कलम समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र असा होतो की, राजीनामा दिलेला डेव्हलपर तीन महिने बाजारात उभा असतो. नोकरीच्या पोर्टलवर त्याच्या नावापुढे ‘सर्व्हिंग नोटीस’ असे दिसू लागले की फोन वाढतात, आणि आमच्या ऑफरचा आकडा पुढच्या कंपनीशी बोलताना किमान भाव म्हणून वापरला जातो. 2022 मध्ये तर याला ऊतच आला होता. त्या वर्षीच्या जून तिमाहीत इन्फोसिसचे अ‍ॅट्रिशन, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण, 28.4 टक्के होते. आमच्यासारख्या छोट्या कंपनीने कोणत्या बळावर माणूस धरून ठेवायचा?

त्याच वर्षी सांगलीकडचा एक मुलगा आम्हांला फार आवडला होता. मुलाखतीत आम्ही कोडी घालत नाही. आमच्याच प्रणालीत पूर्वी घडलेला एक बिघाड लॉगसह, म्हणजे प्रणालीने आपोआप ठेवलेल्या नोंदींसह, समोर ठेवतो. एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा कापले गेल्याचे ते प्रकरण होते. इतर उमेदवार थेट कोड उघडत. याने आधी दोन नोंदींच्या वेळांमधले अंतर पाहिले, ते बरोबर तीस सेकंद निघाले, आणि ‘तुमचा टाइमआउट किती आहे?’ एवढेच विचारले. टाइमआउट म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा; पहिल्या विनंतीचे उत्तर त्या वेळेत न आल्याने तीच विनंती पुन्हा गेली होती, हे शोधायला आम्हांला त्या वेळी दोन दिवस लागले होते. संध्याकाळीच ऑफर गेली. चौऱ्याऐंशीव्या दिवशी त्याचा फोन आला, ‘सर, जरा बोलायचं होतं,’ आणि पुढचे वाक्य ऐकण्याआधीच मला ते समजले. मनात राग आला, पण त्या चौऱ्याऐंशी दिवसांत आमच्यापैकी एकानेही त्याला साधा फोन केला नव्हता, हे आठवल्यावर तो ओसरला.

त्यानंतर आम्ही एक शहाणपणाचा उपाय केला आणि एक मूर्खपणाचा. मूर्खपणाचा उपाय म्हणजे दोन जागांसाठी तीन ऑफर देणे, कारण एक जण गळणारच असा हिशेब होता. तिघेही रुजू झाले. तिसऱ्याला देण्याजोगे काम महिनाभर नव्हते आणि वीस माणसांच्या टीममध्ये आणखी एक माणूस म्हणजे नुसता एक पगार नसतो: सहा जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या पंधरा होतात, वीस जणांत एकशे नव्वद. शहाणपणाचा उपाय अगदी साधा होता. ज्याच्या टीममध्ये उमेदवार येणार आहे, त्याने दर पंधरवड्याला स्वतः फोन करायचा आणि एकदा तरी त्याला सगळ्यांबरोबर जेवायला बोलवायचे. हे काम एचआरवर ढकलायचे नाही. माणसे अजूनही गळतात, पण आता पहिल्या महिन्यातच कळते, म्हणजे दुसऱ्या उमेदवाराला ताटकळत ठेवावे लागत नाही.

या सगळ्यात आमच्या स्वतःच्या नेमणूकपत्राकडे माझे लक्षच गेले नव्हते. त्यातही नव्वद दिवसांचेच कलम होते, बहुधा कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या पत्रावरून उचललेले. बऱ्याच वादानंतर ते पंचेचाळीस दिवसांवर आणले. पुढच्याच महिन्यात आमच्याकडचा एक अनुभवी डेव्हलपर राजीनामा देऊन पंचेचाळीस दिवसांत मोकळा झाला, आणि त्याच्या जागेची जाहिरात लिहिताना मी शेवटी ‘तत्काळ रुजू होऊ शकणाऱ्यांना प्राधान्य’ अशी ओळ टाकली.