भीती कुणाची, बाळाची की तुझी?

12 मार्च 2024 ला पहिला रोजा होता आणि मला गरोदरपणाचा सत्ताविसावा आठवडा चालू होता. दिवसातून तीनदा बीपीची गोळी, आणि पंधरा दिवसांपूर्वी सुरू झालेलं इन्सुलिन. थोरलीच्या वेळी बीपी 160/110 वर गेलं होतं, चौतिसाव्या आठवड्यात सिझर झालं आणि ती एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. त्यामुळे या खेपेला डॉक्टर मॅडमनी मी विचारायच्या आतच सांगितलं, "रोजे नाही हं."

मी मान हलवली. घरी येऊन मात्र कुणाला काही बोलले नाही.

आमचं घर नाशिकला, वडाळा नाक्याजवळ. सासूबाईंना मी अम्मीच म्हणते. त्यांनी चारही खेपांना रोजे धरलेले. त्या म्हणाल्या, "सुई से रोजा थोडी टूटता है!" त्यांचं चुकत नव्हतं. बहुतेक उलेमा, म्हणजे धर्माचे जाणकार, हेच सांगतात. पण सुईतलं इन्सुलिन पोटात अन्न आहे असं धरून काम करतं, ही गोष्ट आमच्या दोघींच्याही डोक्यात शिरली नव्हती. मी सहेरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, भाकरी-खिमा खाल्ला, सकाळचा डोस तेव्हाच घेतला आणि नियत, म्हणजे रोज्याचा संकल्प, केली.

चारच्या सुमारास हात थरथरायला लागले. कपाळावर घाम, आणि लेक काय बोलतेय ते ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. मशीनवर साखर 58. अम्मींनी आकडा बघितला आणि एक शब्द न बोलता साखरेचं पाणी माझ्या तोंडाला लावलं. मगरीबच्या, म्हणजे रोजा सोडायच्या, अजानला अजून अडीच तास होते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारलं. मला धास्ती होती ती कफ्फाऱ्याची, म्हणजे रोजा मोडल्याच्या प्रायश्चित्ताची, सलग साठ रोज्यांची. मौलाना म्हणाले, कफ्फारा जाणूनबुजून, कारणाशिवाय मोडणाऱ्याला. इथे फक्त कजा, एका रोज्याच्या बदली एक, नंतर सवडीने. कुरआनात सूरह बकरामध्ये आजारी आणि प्रवासी यांना सूट आहे; हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, प्रवाशाच्या बरोबरीने गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई येते. त्यांनी हे इतकं सहज सांगितलं की मला आदल्या दिवसाच्या शहाणपणाची लाज वाटली.

पण माझं माहेर चिपळूणचं. आम्ही कोकणी, शाफई; सासर हनफी. या सुन्नींमधल्या दोन परंपरा, काही नियम वेगवेगळे. आईने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "आपल्यात फिदियापण द्यावा लागतो." मग मामांनी तिकडच्या मौलानांना फोन जोडून दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "भीती कुणाची आहे बेटी, बाळाची की तुझी स्वतःची?"

शाफई मसल्यात, म्हणजे धर्मनियमात, यावर हिशोब बदलतो. फक्त बाळाच्या काळजीने रोजा सोडला तर कजा आणि वर फिदिया, म्हणजे रोज्यामागे एक मुद्द, साधारण सहाशे ग्रॅम धान्य गरिबाला. बाईला स्वतःच्या जिवाची भीती असेल, मग बाळाचीही असो, तर नुसती कजा. त्यांना मसला सांगायचा होता, एवढंच. मी मात्र फोन धरून गप्प बसले. सात महिन्यांत सोनोग्राफीवाल्यांपासून शेजारणींपर्यंत सगळ्यांनी बाळाचंच विचारलं होतं. थोरलीच्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावर डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, तेव्हा मला माझीच भीती वाटली होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. शेवटी मी म्हणाले, "दोघांची." ते म्हणाले, "मग फिदिया नाही."

आईला पटलं नाही. "तुझी भीती तू बघ, तांदूळ मी देते," म्हणत तिने अठरा किलो तांदूळ तिकडेच वाटून टाकले.

खरी कसोटी पुढचे एकोणतीस दिवस होती. मला दर दोन-तीन तासांनी थोडं खायचं होतं आणि घरात सगळ्यांना रोजा. मी बेडरूमचं दार लावून नाचणीची भाकरी खायचे. एक दिवस नणंद आलेली असताना चार वर्षांच्या लेकीने जाहीर केलं, "मम्मी चोरून खाते." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. अम्मी म्हणाल्या, "चोरी काहे की? बाहर बैठ के खा." त्या दिवसापासून माझं ताट स्वयंपाकघरात. इफ्तारला सगळ्यांबरोबर बसायचे. खजूर अर्धाच, कारण दोन तासांनंतरची साखर 120 च्या आत ठेवायची होती.

11 एप्रिलला ईद झाली. मंडळी ईदगाह मैदानावर गेली, मी घरी शीरखुर्म्याचा वास घेतला. मे महिन्यात, सदतिसाव्या आठवड्यात मुलगा झाला. पेटी लागली नाही.

तो वरचं खायला लागल्यावर, डॉक्टर मॅडमना विचारून, डिसेंबरपासून कजा सुरू केली. थंडीतला रोजा एप्रिलपेक्षा तास-दीड तासाने लहान, आणि तहान तर लागतच नाही. घरात रोजा एकटीलाच, तरी पहाटे पाचला उठले की अम्मींनी तवा ठेवलेला असायचा. 2 मार्च 2025 ला पुढचा रमजान लागला तेव्हा किराणावाल्याच्या कॅलेंडरवर बावीस खुणा झाल्या होत्या. आठ राहिलेत. ते या थंडीत धरीन; सोमवारी की गुरुवारी, हे अम्मींनी आत्ताच विचारून ठेवलंय.